नाथसागराच्या काठाकाठानं तीन दिवस

गेल्या दिवाळीत फराळाच्या गप्पांमध्ये आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदम म्हणाल्या की सगळं बघून झालं, समुद्र तेवढा राहिला. वय ७३, माहेर जालन्याकडचं, सासर इथं संभाजीनगरला, तुळजापूर झालं, माहूर झालं, पंढरपूरच्या वाऱ्या झाल्या पण समुद्राचा योग काही आला नाही. आता इथून समुद्र म्हणजे कुठूनही धरा तीनशे किलोमीटरच्या वर, आणि त्यांचे गुडघे दोन तासांपुढे गाडीत बसू देत नाहीत. नवऱ्यानं दोन-तीनदा कोकणाचं मनावर घेतलं आणि दरवेळी सोडून दिलं.

मग एके दिवशी मी म्हटलं, आपल्याला नेमकं पाहिजे काय? नजर संपेपर्यंत पाणी, काठाला निवांत बसायला जागा, तिकीट नको, डीजे नको, आणि घरापासून तास-दीड तासात. हे सगळं तर आपल्या पैठण रोडला आहे की! नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरला पाणी पसरतं, फुगवटा पार ५० किलोमीटर मागं जातो, इकडून आपला जिल्हा, तिकडून अहिल्यानगर. एवढ्या मोठ्या काठाला गर्दी होऊन होऊन किती होणार? पण आपण शहरातले लोक जन्मभर त्या धरणाचं पाणी पितो आणि जातो कुठं, तर धरणाच्या भिंतीपाशी, तिथंच फोटो, तिथंच कणीस, आणि परत. यावेळी ठरवलं की भिंतीकडं जायचंच नाही, काठ शोधायचा.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, शुक्रवार ते रविवार. मी, नवरा, पाचवीतली लेक आणि आई.

शुक्रवार

लेकीची शाळा सुटल्यावर एकच्या सुमाराला निघालो. नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन. रस्त्याच्या कडेनं पाण्याच्या मोठाल्या पाइपलाइनी दिसत राहतात, लेकीला सांगितलं की हे बघ, आपल्या नळाचं पाणी आपल्या घराकडं चाललंय आणि आपण त्याच्या उलटं, तर ती पैठण येईपर्यंत पाइपच मोजत बसली. बिडकीनला चहा घेतला. पेट्रोल, बिस्किटं, प्यायचं पाणी जे काही घ्यायचं ते बिडकीन किंवा पैठणला घ्या, काठावर काहीही मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणूनच तो काठ तसा राहिलाय हेही खरं.

आता पहिली चूक सांगते कारण ती सगळेच करतात. मी घरी बसून मोबाइलच्या नकाशावर बघून ठेवलं होतं, निळं पाणी जिथं रस्त्याच्या अगदी जवळ आलंय तिथं खूण केली होती. ढोरकीनच्या पुढं उजवीकडं वळलो, डांबरी संपली, मग खडी, मग गाडीवाट, आणि नकाशा म्हणतोय की तुम्ही आता पाण्यात आहात. समोर बघतो तर हिरवागार गहू! लांबच लांब, कमरेएवढा, ओंब्या भरलेल्या. पाण्याचा पत्ता नाही. आई गाडीतून म्हणाल्या, हाच का समुद्र?

तेवढ्यात मोटारसायकलवर एक मामा आले, मागं चाऱ्याचा भारा. थांबले. म्हणाले, "पानी बघायला आलाव व्हय? पानी इथं पावसाळ्यात ऱ्हातं. आता ते मागं सरकलं, लई लांब गेलं. हे समदं गाळपेर हाये."

गाळपेर हा शब्द मी ऐकून होते पण बघत पहिल्यांदा होते. पाऊसकाळ संपला, कालव्यांना आणि गावांना पाणी सुटलं की धरणाचं पाणी हळूहळू उतरतं, आणि उतरताना मागं काळाभोर ओला गाळ सोडून जातं. त्या गाळात लोक गहू, हरभरा पेरतात, उन्हाळ्याकडं टरबूज-खरबूज लावतात. खत फारसं लागत नाही, ओल आतूनच असते. जमीन पाटबंधाऱ्याची, पीक करणाऱ्याचं. म्हणजे काठ सगळ्यांचा असला तरी पिकातून तुडवत जायचं नाही, बांधानं किंवा गाडीवाटेनंच जायचं. मामांनी हे काही सांगितलं नाही पण लेक ओंबी तोडायला वाकली तेव्हा त्यांच्याकडं बघून मलाच कळलं. मग त्यांनी स्वतःच दोन ओंब्या तोडून तिच्या हातावर चोळून दिल्या, फुंकर मारून. दुधाळ हिरवे दाणे. तिला इतके आवडले की ती मामांना सोडायलाच तयार नाही.

त्यांनी विचारलं, मुक्काम हाये का? हाये म्हटल्यावर म्हणाले मग उद्या पहाटं सोनेवाडीच्या बाजूनं या, तिकडं माझंबी गाळपेर हाये, पाखरं बी दिसतील. मोबाइल नंबर दिला. आईंकडं बघून म्हणाले, "मायला चालवायचं नाय, बैलगाडी आनतो."

ओळख ना पाळख. मला खरंच भरून आलं.

पैठणला पोचलो तर लॉजवाल्यानं खालची खोली कबूल करून दुसऱ्या मजल्यावरची ठेवली होती. आईंना जिने नकोत म्हणून फोनवर तीनदा सांगितलं होतं. अर्धा तास गेला, शेवटी दुसरीकडं खालची मिळाली. आपल्यासोबत म्हातारं माणूस असेल तर आधी खोली बघा, मगच सामान उतरवा आणि पैसे द्या. नाथषष्ठीच्या आठवड्यात, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीच्या आगंमागं, मुक्कामाचा विचारच करू नका, लाखांनी लोक येतात, ती वेगळी मजा आहे पण ती शांततेची नाही. आम्ही गेलो तेव्हा षष्ठीला अजून वेळ होता, गाव निवांत होतं.

संध्याकाळी नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि मग नदीवर. नाथांनी १५९९ साली इथंच गोदावरीत देह ठेवला. पायऱ्यांवर बसून आईंनी नातीला गोष्ट सांगितली, भर उन्हात तापलेल्या वाळवंटात एक लेकरू आईच्या मागं धावता धावता पोळून रडत होतं, लोक शिवाशिवीच्या भीतीनं बाजूनं जात होते आणि नाथांनी ते उचलून कडेवर घेतलं, ती गोष्ट. आपल्याकडं नदीच्या वाळूच्या काठाला वाळवंटच म्हणतात. लेक म्हणाली, आज्जी ती वाळू कुठंय? आम्ही सगळ्यांनीच खाली बघितलं. दगड, शेवाळ, धरणाखाली उरलेलं थोडं पाणी, आणि वाळू म्हणावी अशी कुठं फारशी नाही. आई काहीच बोलल्या नाहीत, नुसतं तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

रात्री एका खानावळीत बाजरीची भाकरी, येसरची म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची आमटी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. येसरची आमटी लोक आता घरीसुद्धा करेनात, तिथं ती रोजची आहे. दोन वाट्या पिऊन झोपलो.

शनिवार

साडेपाचला उठून निघालो. बाहेर अजून चांगला गारठा, आईंनी शाल आणि वरून नवऱ्याचं जॅकेट. मामा सांगितल्या जागी, एका मोठ्या बाभळीखाली, खरंच बैलगाडी घेऊन उभे. गाडीत कडबा पसरून वर घोंगडी टाकलेली. आई बसल्या आणि म्हणाल्या, चाळीस वर्षांनी बसले. आम्ही तिघं मागून चालत.

आणि इथं दुसरी महत्त्वाची गोष्ट, कार बाभळीपाशीच ठेवायची. पुढची जमीन वरून वाळलेली, भेगाळलेली दिसते, पायाला टणक लागते, आणि वीत-दीड वीत खाली नुसता लोण्यासारखा गाळ. मामा म्हणाले दरसाल दोन-चार गाड्या ट्रॅक्टर लावून काढाव्या लागतात. पायी जातानासुद्धा जिथं आधीच गुरांच्या नाहीतर माणसांच्या पावलांची वाट पडलेली आहे तिथूनच जायचं. आमची लेक एका जागी दोन पावलं बाजूला गेली आणि गुडघ्यापर्यंत आत! घाबरून किंचाळली. मामांनी तिला सांगितलं पाय उपसू नको, मागं बस, आणि आडवा हात देऊन हळूच ओढलं. बूट आतच राहिला, तो मग नवऱ्यानं कोपरापर्यंत हात घालून काढला. पोरं सोबत असतील तर हात सोडू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. पोहायचं तर नावच नको, खाली गाळ आहे, जुन्या जाळ्यांची नायलॉनची गुंतवळ आहे, आणि खोली एकदम बदलते.

उजाडत होतं. पाणी अजून दिसत नव्हतं पण आवाज यायला लागला, लांबून खूप माणसं एकदम बोलत असावीत असा. मामांनी बैल थांबवले, बोट ओठावर. समोर हरभऱ्याच्या वावराच्या टोकाला राखी रंगाचे पक्षी, शंभर तरी असतील, डोकं पांढरं आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पट्टकदंब. हिमालयाच्या पलीकडून, तिबेट-लडाखाच्या बाजूनं उडत येतात आणि हिवाळा इथं काढतात. मी त्यांना कौतुकानं बघतेय आणि मामा हळू आवाजात म्हणतायत, "रातभर हरभरा खात्यात ताई. राखन करावी लागती." पण हाकलले मात्र नाहीत त्यांनी. म्हणाले आता तसंबी ते उठतील. आणि खरंच, सूर्य वर आला तसे सगळे एकदम उठले, डोक्यावरून गेले, पंखांचा वारा लागल्यासारखा आवाज, आई गाडीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून बघत होत्या.

मग पाणी.

मी खूप वेळा धरणावरून हे पाणी बघितलंय पण असं जमिनीच्या पातळीवरून कधीच नाही. पलीकडचा काठ दिसत नव्हता. धुक्यात पाणी आणि आभाळ एकच झालेलं, मधे कुठंतरी एक काळा ठिपका, तो म्हणजे थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेला एक मच्छीमार. काठाला उथळ पाण्यात शेकाटे लाल काटक्यांसारख्या पायांनी फिरत होते, दोन चक्रवाक, थोडे चित्रबलाक, आणि बरंच आत, दुर्बिणीतूनच नीट दिसेल असा, गुलाबी-पांढरा पट्टा. रोहित. फ्लेमिंगो हो! लेकीला आधी खरं वाटेना. सगळे माना खाली घालून चिखल चाळत होते. दुर्बीण नक्की घ्या, कोणाची मागून घ्या पण घ्या, कारण जवळ जायचं नाहीये, हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि जवळ गेलात की सगळे उडतात आणि त्यांचं सकाळचं खाणं बुडतं. ड्रोन नको, गाणी नकोत, भडक कपडेसुद्धा नकोत. नोव्हेंबर ते मार्च हे दिवस चांगले, आणि सकाळी साडेसहा ते नऊ. नंतर ऊन तापतं आणि सावलीला एक झाड नाही, छत्री घेऊन गेलो ते बरं झालं.

आईंना मामांनी गाडीतून उतरवून एका दगडावर बसवलं. थोड्या वेळानं मी बघते तर आई त्या दगडावर बसलेल्याच नाहीत, त्याच्याकडं तोंड करून उभ्या. म्हणाल्या, सूनबाई, हा आड आहे गं.

खरंच आड होता. दगडी काठ जमिनीबरोबर, आत गाळ काठोकाठ भरून वर भेगाळलेला, म्हणून आम्हाला नुसता गोल दगडांचा चौथरा वाटला होता. आणि काठाच्या दगडांना आतल्या बाजूनं खाचा. बोटभर खोल, गुळगुळीत, एकापाशी एक. चऱ्हाट घासून घासून पडलेल्या. आईंनी एका खाचेत आपलं बोट ठेवलं, ते बरोबर बसलं. म्हणाल्या किती बायांनी किती वर्षं पाणी शेंदलं असंल तवा दगडाला असं होतं.

मामा म्हणाले, "हितंच व्हतं गाव. म्या चार-पाच सालाचा आसंन. आमचं घर थोडं पलीकडं, त्ये अजून पान्यात हाये. यंदा नाय दिसायचं." धरणाची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, हे आम्ही शाळेत पाठ केलंय. त्या अकरा वर्षांत शंभराच्या आसपास गावं उठली हेही वाचलं होतं. पण एका आडाच्या काठावर उभं राहून ऐकणं वेगळं. गाव वर माळावर गेलं, नाव तेच ठेवलं. मामांना लहानपणातली एकच गोष्ट आठवते, सामान बैलगाडीत भरताना त्यांच्या आजीनं चूल फोडू दिली नाही, तशीच सारवून ठेवली होती. म्हणाले म्हातारीला वाटायचं पानी येनार नाय.

जायकवाडी हे नावसुद्धा इथलं नाही बरं का. आधी धरण खाली बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीला बांधायचं चाललं होतं, नंतर जागा बदलून पैठणला आली आणि नाव तसंच राहिलं. ज्या गावावरून नाव पडलं ते कोरडं राहिलं आणि इथली गावं बुडाली.

तेवढ्यात तो तराफेवाला काठाला आला. थर्माकोलचे तुकडे गोणपाटात बांधून केलेला तराफा, बसायला एक फळी, हातात चप्पलएवढ्या दोन फळ्या, त्यांनीच वल्हवतो. रात्री टाकलेलं जाळं काढून आणलेलं, त्यात दोन चांगले कटले, एक रोहू आणि बाकी चिलापी. म्हणाला पयले वाम, मरळ लई मिळायची, आता जाळं भरतं ते चिलापीनंच. कहार समाजातला, बापापासून हेच काम. मी विचारलं ते पाण्यावर सोलरच्या प्लेटा बसवणार म्हणतात त्याचं काय झालं. तो प्रस्ताव कोर्टापर्यंत गेला होता, मच्छीमारांनीच दाद मागितली होती. तो म्हणाला, "ताई, करंट पायजे, समद्यांला पायजे. पन प्लेटाखाली जाळं कसं टाकू?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण तो काठ, ते रोहित आणि तो तराफा एकाच वेळी डोळ्यासमोर असताना मला एवढं नक्की वाटलं की निर्णय घेणाऱ्यांनी एकदा पहाटे इथं येऊन उभं राहावं.

नऊ वाजता मामांच्या घरून डबा आला, मामीच घेऊन आल्या, चालत. गरम भाकरी फडक्यात, ठेचा, हरभऱ्याची भाजी म्हणजे कोवळा पाला, आणि ताक. मामींनी आईंच्या पायाला हात लावला आणि दोघी दहा मिनिटांत अशा बोलायला लागल्या की एकीचं माहेर दुसरीच्या नात्यातलंच निघालं. मी डब्याचे पैसे द्यायला गेले तर मामी रागावल्या. मग आईंनी घरून आणलेले तिळाचे लाडू दिले ते घेतले. आपण जाताना काहीतरी घरचं सोबत ठेवावं, पैसे लोक घेत नाहीत, आणि घरचं दिलं की नाही म्हणत नाहीत.

अकराच्या सुमाराला वारं सुटलं. आणि काय सांगू, नाथसागराला लाटा आल्या! लहानच, वीतभर, पण एकामागं एक, काठाला आपटून पांढरा फेस, आवाजसुद्धा तसाच. आई उठल्या. एका बाजूला मी, एका बाजूला मामी, खडकाळ टणक जागा बघून त्यांना पाण्यात घोट्याएवढं नेलं. लाट आली, पातळाचा काठ भिजला. मी म्हटलं आई, हा घ्या तुमचा समुद्र. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, डोक्यावरून फिरवलं आणि म्हणाल्या, "समुद्र कशाचा, ही गंगा आहे." गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. मग पुढच्या तिन्ही-चारी लाटांना त्या नमस्कार करत होत्या.

सकाळभर आम्ही तिथं होतो आणि आमच्याशिवाय, मामा-मामी आणि तराफेवाल्याशिवाय एक माणूस दिसला नाही. शनिवार होता. संभाजीनगरपासून तासाभराचं अंतर.

निघताना लेकीनं काठावरचा कचरा गोळा केला, खूप नव्हताच, जाळ्यांचे तुकडे, दोन-तीन बाटल्या, एक चिप्सचं पाकीट. एक पिशवी भरली. ती गाडीच्या डिकीत टाकून पैठणला आणली. त्यातली एक बाटली दारूची होती, फुटकी, आणि ती जिथं पडली होती तिथून आईंना अनवाणी नेलं होतं. त्याचा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

दुपारी खोलीवर झोप. संध्याकाळी आपेगाव, पैठणपासून जवळच, ज्ञानेश्वर माउलींचं जन्मगाव. इथं धरणाखालच्या बंधाऱ्यामुळं नदीला पाणी असतं आणि घाट बसायला छान आहे, पायऱ्या रुंद, आईंसारख्यांना सोप्या. नाथसागराचा काठ मोठा, उघडा, वाऱ्याचा, तर इथं सगळं बारीक आवाजात. एक बाई गोधडी धूत होती, पलीकडच्या काठाला म्हशी पाण्यात, मंदिरात हरिपाठ सुरू झाला आणि तो पाण्यावरून इकडं येत होता. आईंना तोंडपाठ, त्या पायरीवर बसूनच म्हणत होत्या. ज्यांच्याकडं फक्त एक संध्याकाळ आहे आणि चिखलात जायचं नाही त्यांनी सरळ आपेगाव गाठावं.

रविवार

परत त्याच रस्त्यानं जायचं नव्हतं म्हणून नदी ओलांडून शेवगाव, कुकाणा करत नेवाशाला आलो. हा पट्टा ऊसाचा, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, रस्ता सावकाश. दुपारच्या आत उरकायचा. नेवाशाला पैस खांबाचं दर्शन घेतलं, ज्या खांबाला टेकून माउलींनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली तो. काल जन्मगाव, आज हे, आईंसाठी तर ट्रिपचं सोनं झालं.

तिथून प्रवरासंगम. इथं प्रवरा गोदावरीला मिळते, आणि पुणे हायवेचा मोठा पूल आहे. हजारो गाड्या रोज त्या पुलावरून जातात, आम्हीसुद्धा पुण्याला जाताना शंभरदा गेलो असू, पण पुलाच्या बाजूला खाली उतरलं की टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर आहे हे मला यावेळी कळलं. पेशवाईतलं, काळ्या दगडाचं, भोवती भक्कम तटबंदी, आणि मागच्या दारातून थेट नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. भिंतीवरचं कोरीव काम इतकं नाजूक की लेकीनं एका वादकाच्या हातातली बोटं मोजली, पाचही होती. पायऱ्यांवर बसलं की हायवेचा आवाज तटामागं राहतो, ऐकू येतो पण लांबून, आणि समोर रुंद शांत पाणी. हाही त्याच नाथसागराचा फुगवटा, म्हणजे तीन दिवस आम्ही एकाच पाण्याच्या भोवती फिरत होतो.

तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी गोष्ट सांगितली. रामानं सोन्याचं हरीण मारलं तेव्हा त्याची काया पडली ते पलीकडचं कायगाव, आणि डोकं पडलं ते टोका. लेकीनं विचारलं मग शेपूट? बाबा म्हणाले, ते तू शोध, तुला सापडंल.

आता जेवण. कायगाव टोक्याला पुलाच्या आगंमागं माशांची हॉटेलं आहेत, नदीचा मासा तिखट-मीठ लावून कढईत कडक तळून देतात, त्याच्यावर कांदा-लिंबू. ताजा असतोच, तरी आधी मासा दाखवा म्हणायचं, दाखवतात. आम्ही कटल्याचे तुकडे आणि रस्सा-भाकरी घेतली. रस्सा काळ्या मसाल्याचा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई माळकरी, त्यांना वासही नको, म्हणून त्या घाटावरच थांबल्या, सोबत मामींनी सकाळी निघायच्या आधी पैठणला पाठवलेले धपाटे आणि दही. नवरा अर्धा तास त्यांच्यापाशी, मग मी, असं पाळीपाळीनं जेवलो. घरात असे दोन प्रकार असतील तर हेच बरं पडतं, घाट आणि हॉटेलं पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. संध्याकाळी मात्र इथं थांबू नका, रविवारी पुण्याकडून येणारी गर्दी वाढते आणि लिंबेजळगाव, वाळूज पार करायला जीव नकोसा होतो. आम्ही साडेतीनला निघालो, पाचला घरी.

खर्च म्हणाल तर दोन रात्रींची खोली, पेट्रोल, जेवणखाण सगळं धरून चौघांचे साडेपाच हजार. काठाला कुठंही एक रुपया द्यावा लागला नाही.

काल रात्री मामांचा फोन आला होता. पाणी अजून मागं गेलंय, आपण लाटा बघितल्या तिथं आता वाट पडलीय, आणि टरबुजाचे वेल धरलेत, पोरीला घेऊन या. त्यांच्या घराचा जोता दिसायला लागला का म्हणून मी विचारलं. म्हणाले नाय, अजून कंबरभर पानी आसंल वर. आईंनी फोन मागून घेतला आणि मामींना विचारलं की येताना साताऱ्याचे कंदी पेढे चालतील का घरचे बेसनाचे लाडू आणू. लाडू ठरले. रविवारी निघतोय, पहाटे, गाडी बाभळीपाशीच लावणार.